गिरनारचें सुदर्शन तळें आणि त्याचे दोन लेखक

(१)

जुनागढ शहरांतून गिरनाराकडे जाणाऱ्या वाटेवर, दामोदर कुंडाच्या अलीकडे, जी प्रचंड शिळा आहे तिच्यावर तीन राजांचे लेख आहेत, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. अशोकाच्या चौदा आज्ञा, महाक्षत्रप रुद्रदामा याचा गद्य लेख आणि सम्राट् स्कंदगुप्ताच्या कारकीर्दींतील पद्य लेख असे ते तीन होत. पैकीं पहिल्याचा विषय धर्म आहे. उरलेल्या दोहोंचा विषय एक तळें आहे. त्या तळ्याचें नांव सुदर्शन. आणि ज्या शहराच्या उशाशीं तें होतें त्याचें नांव गिरिनगर. मौर्यांच्या काळीं बांधलेलें हें तळें गुप्तांच्या काळापर्यंत, म्हणजे सुमारें साडेसातशें वर्षें, फुटत आणि पुन्हा बांधलें जात राहिलें. एका शहराच्या जलसंचयाचा इतका दीर्घ वृत्तांत एकाच दगडावर लिहिलेला असावा, हें भाग्य फार थोड्या स्थळांच्या वांट्यास आलें असेल.

या दोन लेखांचा इतिहासाचीं साधनें म्हणून विचार पुष्कळांनीं केला आहे. ग्रंथ म्हणून त्यांची तुलना मात्र जशी व्हावयास पाहिजे होती तशी झाली नाहीं, असें आम्हांस वाटतें. म्हणून प्रस्तुत लेखांत आम्ही एकच प्रश्न घेतों: ज्या विषयासाठीं हे दोन लेख कोरले गेले तो विषय कोणत्या लेखकानें अधिक चांगला सांभाळला? या प्रश्नाचें उत्तर देतां देतां आमच्यासारख्या जुन्या कागदांच्या संग्राहकांस लागू पडणारा एक मुद्दा निघतो. तो शेवटीं मांडूं.

(२)

प्रथम या लेखांच्या वाचनाचा इतिहास थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. कर्नल टॉड यांनीं ही शिळा इ. स. १८२२ मध्यें पाहिली. जेम्स प्रिन्सेप यांनीं रुद्रदाम्याच्या लेखाचें वाचन इ. स. १८३८ मध्यें प्रसिद्ध केलें. पुढें मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं दोन्ही लेख पुन्हा हातीं घेतले. डॉ. भाऊंचे साहाय्यक पंडित भगवानलाल इंद्रजी हे तर जुनागढचेच; त्यांचा जन्म इ. स. १८३९ चा. ज्या शिळेच्या सावलींत ते लहानाचे मोठे झाले तिच्यावरील रुद्रदाम्याच्या लेखाचें सुधारलेलें वाचन त्यांनीं व डॉ. ब्यूलर यांनीं मिळून इ. स. १८७८ मध्यें छापलें. स्कंदगुप्ताचा लेख फ्लीट यांनीं आपल्या गुप्तलेखसंग्रहांत इ. स. १८८८ मध्यें दिला. आणि पूर्वीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत संस्कृताचे अध्यापक राहिलेले कीलहॉर्न यांनीं एपिग्राफिया इंडिकाच्या आठव्या खंडांत रुद्रदाम्याच्या लेखाची प्रमाणभूत आवृत्ति तयार केली. वाचनाच्या कामांत मुंबई व पुणें यांचा हा वांटा आम्हां महाराष्ट्रीयांस भूषणावह आहे.

परंतु वाचन झाल्यावर उपयोग कसा झाला? काव्येतिहासकारांनीं रुद्रदाम्याचा लेख घेतला तो अलंकृत संस्कृत गद्याचा जुना नमुना म्हणून. मध्यंतरीं कांहीं शतकें संस्कृत वाङ्मय निद्रिस्त होतें असें जें मॅक्समुल्लर यांचें मत होतें, त्याच्या खंडनास डॉ. ब्यूलर यांनीं इ. स. १८९० मध्यें हा लेख आधारास घेतला, व तें योग्यच केलें. राजवंशांचा इतिहास लिहिणारांनीं त्यांतून क्षत्रपांचा काल घेतला. आमच्या महाराष्ट्रांतील इतिहासलेखकांनीं दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णि याचा दोनदां पराभव करूनही निकटच्या संबंधामुळें त्यास सोडून दिलें, एवढें वाक्य उचललें आणि बाकीचा लेख मिटून ठेविला. सारांश, तळें सोडून सर्व कांहीं सर्वांनीं घेतलें. हा दोष आम्ही दुसऱ्यावर ढकलीत नाहीं. आम्हीं स्वतः हा लेख अनेक वर्षें वर्गांत शिकविला. समास सोडविले, अनुप्रास दाखविले, आणि बांधाचीं मापें आलीं कीं 'हा भाग परीक्षेस नाहीं' असें म्हणून पुढें गेलों.

(३)

आतां रुद्रदाम्याच्या लेखाची रचना पाहूं. लेख वीस ओळींचा असून बराच खंडित आहे. तथापि त्याचा सांगाडा स्पष्ट दिसतो. आरंभ राजापासून नाहीं, तळ्यापासून आहे. प्रशस्तीच्या रूढीस हें सोडून आहे. पहिल्या ओळींत तळें आणि गिरिनगर यांचीं नांवें येतात. मग बांधाचें वर्णन येतें. त्याचे दगड सांधा दिसूं नये असे जोडलेले होते, एका बाजूस डोंगराचाच स्वाभाविक बांध होता, आणि तळ्यास प्रणाली, परीवाह व मीढविधान यांची उत्तम तजवीज होती. या तीन शब्दांकडे आमचे वाचक विशेष लक्ष देतील तर बरें. प्रणाली म्हणजे पाणी नेण्याचे पाट. परीवाह म्हणजे जास्त झालेलें पाणी सोडून देण्याचा सांडवा. आणि मीढविधान म्हणजे पाण्यांत घाण येऊं नये म्हणून केलेली व्यवस्था. पाणी नेणें, पाणी सोडणें आणि पाणी स्वच्छ राखणें, हीं जलव्यवस्थेचीं तीन अंगें एका समासांत बसविणारा लेखक केवळ शब्दांचा कारागीर नव्हे. त्यानें तळें पाहिलें होतें, किंवा तळें जाणणाऱ्या माणसास विचारून लिहिलें होतें.

नंतर संकट येतें. शके ७२ म्हणजे इ. स. १५० च्या सुमारास, मार्गशीर्ष वद्यपक्षाच्या आरंभीं भयंकर वादळी पाऊस झाला. ऊर्जयत् पर्वतावरून उतरणाऱ्या सुवर्णसिकता, पलाशिनी इत्यादि नद्यांस महापूर आला आणि बांध फुटला. येथें महिना लक्षांत घेण्याजोगा आहे. भाद्रपदांत तळें फुटलें तर पावसाळ्याच्या शेवटच्या सरींची थोडी तरी आशा उरते. मार्गशीर्षांत तळें पूर्ण भरलेलें असतें, आणि पुढचा पाऊस ज्येष्ठ-आषाढापर्यंत नाहीं. म्हणजे वर्षाचा सर्व सांठा एका रात्रींत गेला आणि पुढें सहा-सात महिने कोरडे उभे राहिले. रिकामें झालेलें तळें मरुभूमीसारखें दिसूं लागलें, सुदर्शन होतें तें 'दुर्दर्शन' झालें, असें लेखक म्हणतो. ही कोटी आम्ही वर्गांत यमक म्हणून शिकविली. मार्गशीर्ष लक्षांत घेतला म्हणजे ती कोटी राहत नाहीं. ती शहराची स्थिति होते.

याच ठिकाणीं लेखकानें एक शब्द घातला आहे, तो सहज नजरेंतून सुटतो. योग्य तो प्रतीकार केला असतांही बांध गेला, असें तो म्हणतो. हा 'प्रतीकार' म्हणजे काय? आमच्या मतें पुराच्या वेळीं बांधावर माणसें होतीं, सांडवे मोकळे करण्याची, खचलेल्या जागीं माती-दगड टाकण्याची कांहीं तरी ठरलेली रीत होती. संकट आल्यावर दुरुस्ती करणें निराळें, आणि संकटाच्या आधीं पहारा ठेवणें निराळें. दोन्ही लेखांत मिळून दुसऱ्या गोष्टीचा पुरावा या एका शब्दांत आहे.

(४)

यानंतरची आठवी ओळ आमच्या विवेचनाचा कणा आहे. हें तळें प्रथम कोणीं केलें? मौर्य राजा चंद्रगुप्त याचा राष्ट्रिय, वैश्य पुष्यगुप्त यानें करविलें. त्यास पाट कोणीं काढिले? अशोक मौर्याच्या वतीनें अधिकार चालविणाऱ्या यवनराज तुषास्फ यानें. इतकी माहिती देऊन लेखक पुढें जातो.

आतां काळाचा हिशेब करावा. चंद्रगुप्तापासून रुद्रदाम्यापर्यंत सुमारें साडेचारशें वर्षें, आणि अशोकापासून सुमारें चारशें वर्षें होतात. चंद्रगुप्त व अशोक हीं नांवें लोकस्मृतींत राहणें समजूं शकतें. पण पुष्यगुप्त हा कोण? एका प्रांताचा अधिकारी, जातीनें वैश्य. त्याचें नांव साडेचारशें वर्षें कोणीं व कशासाठीं जपलें? आणि गंमत अशी कीं, ज्या शिळेवर हा लेख आहे तिच्याच अंगावर अशोकाच्या चौदा आज्ञा आहेत. त्यांतील दुसऱ्या आज्ञेंत रस्त्यांवर विहिरी खणविल्याचा व झाडें लावविल्याचा उल्लेख आहे. परंतु तेथून जवळच असलेल्या या तळ्याचा अथवा तुषास्फाच्या पाटांचा एका अक्षरानेंही उल्लेख नाहीं. तुषास्फाचें नांव अशोकाच्या लेखांवरून रुद्रदाम्याच्या पदरच्या पंडितास कळलें नाहीं, हें उघड आहे. मग तें कोठून कळलें?

याला उत्तर एकच संभवतें. तळ्याचें स्वतःचें दफ्तर होतें. तें भूर्जपत्रावर असो, ताडपत्रावर असो, बांधावरच्या एखाद्या दगडावर असो किंवा बांधाची राखण करणाऱ्या कुळांच्या तोंडीं असो. पण तळें कोणीं बांधलें, पाट कोणीं काढिले, याची नोंद राजवंश बदलले तरी तळ्याजवळ राहिली. मौर्य गेले आणि पश्चिम भारतांत शकांचें राज्य आलें. पण नोंद टिकली. रुद्रदाम्याच्या लेखकाचें मोठेपण हें कीं, त्यानें ती नोंद आपल्या प्रशस्तींत जशीच्या तशी उतरून घेतली.

यावर कोणी म्हणेल कीं, परकीय क्षत्रपास मौर्यांशीं नातें जोडून प्रतिष्ठा मिळवावयाची होती, म्हणून हीं नांवें आलीं. हा आक्षेप विचारार्ह आहे. परंतु पुरता नाहीं. प्रतिष्ठेसाठीं चंद्रगुप्त व अशोक हीं दोन नांवें पुरेशीं होतीं. एका वैश्य अधिकाऱ्याच्या व एका यवन मांडलिकाच्या नांवानें महाक्षत्रपाच्या वैभवांत कांहीं भर पडत नव्हती. तीं नांवें आलीं तीं खरी नोंद समोर होती म्हणून.

(५)

मग राजस्तुति येते आणि ती दीर्घ आहे. युद्धाखेरीज मनुष्यवध न करण्याची राजाची प्रतिज्ञा, जिंकलेल्या देशांची यादी, यौधेयांचा पराभव, व्याकरण, संगीत, न्याय इत्यादि विद्यांतील प्रावीण्य, गद्यपद्यरचनेंतील कौशल्य, हें सर्व यथाविधि आहे. पण स्तुति संपतांच लेखक तळ्याकडे परततो. कर, विष्टि आणि प्रणय यांनीं नगरांतील व जनपदांतील लोकांस न पीडितां, आपल्या कोशांतून मोठा द्रव्यसमूह खर्चून, फार काळ न लावतां, पूर्वीच्या तिप्पट दृढ असा बांध राजानें घातला आणि तळें 'सुदर्शनतर' करविलें.

येथें 'प्रणय' या शब्दावर थोडें थांबलें पाहिजे. सामान्य संस्कृतांत याचा अर्थ प्रेम किंवा लाडिक याचना. ब्यूलर-भगवानलालांच्या काळीं त्याचा राजकीय अर्थ संदर्भावरून ताडावा लागे. इ. स. १९०९ मध्यें आर. शामशास्त्री यांनीं म्हैसूर येथें कौटिलीय अर्थशास्त्र छापलें, आणि त्यांत कोश रिता झाला असतां प्रजेकडून मागून घ्यावयाच्या जादा पट्टीस हाच शब्द सांपडला. एका पोथीनें एका दगडाचा अर्थ उलगडला. पोथ्या सांभाळणारांनीं ही गोष्ट नेहमीं ध्यानांत ठेवावी. त्याच अर्थशास्त्रांत तळीं व बांध यांविषयीं जे नियम आहेत तेही येथें सांगण्याजोगे आहेत. नवें तळें बांधणारास पांच वर्षें करमाफी, मोडून टाकलेलें तळें दुरुस्त करणारास चार वर्षें, आणि झाडझाडोऱ्यानें भरलेलें साफ करणारास तीन. शिवाय पांच वर्षें ज्याचा उपयोग बंद राहिला त्या बांधावरील मालकी, आपत्काल खेरीज करून, नष्ट होते. नव्या कामाइतकेंच जुन्याच्या दुरुस्तीस महत्त्व देणारी ही दृष्टि आहे. दीर्घकालीन जलयोजना म्हणतात ती हीच.

परंतु रुद्रदाम्याच्या लेखाचा खरा कळस यापुढें आहे. राजानें बांध घातला असें सांगून लेख संपवितां आला असता. लेखक तसें करीत नाहीं. तो सांगतो कीं, राजाचे मतिसचिव व कर्मसचिव, म्हणजे सल्ला देणारे व काम पाहणारे, हे दोघेही अमात्यगुणांनीं संपन्न असूनही, खिंडाराची विशालता पाहून निरुत्साह झाले आणि त्यांनीं या आरंभास विरोध केला. लोक हाहाकार करूं लागले. बांध पुन्हा होईल ही आशा त्यांनीं सोडली. तेव्हां आनर्त व सुराष्ट्र यांवर राजानें नेमलेला अमात्य, कुलैपाचा पुत्र पह्लव सुविशाख, यानें तें काम पार पाडिलें.

मंत्र्यांचा विरोध प्रशस्तींत नोंदविणारा दुसरा लेख आमच्या पाहण्यांत नाहीं. आणि लेखकाची निष्पक्षता पाहा. विरोध करणारांस तो मूर्ख म्हणत नाहीं, गुणसंपन्न म्हणतो. खर्च मोठा, खिंडार मोठें, आणि कोशावर भार, ही त्यांची शंका अयोग्य नव्हती. क्रियापदांतही त्यानें भेद राखला आहे. राजानें 'करविलें' आणि सुविशाखानें 'अनुष्ठिलें'. लेखाचा शेवटचा शब्द राजाचा नाहीं, काम करणाऱ्या अधिकाऱ्याचा आहे. सुविशाखास दिलेल्या विशेषणांत 'अहार्य' असें एक आहे. म्हणजे लांचेनें न वळणारा. ज्यानें बांधकामाचा पैसा हाताळला त्याच्या गुणांत हा गुण मोजला गेला, यावरून लेखक व्यवहार जाणत होता हें दिसतें.

(६)

आतां दुसरा लेख. स्कंदगुप्तानें सुराष्ट्राच्या रक्षणास कोणास नेमावें याचा रात्रंदिवस विचार करून पर्णदत्तास नेमिलें. पर्णदत्तानें आपला पुत्र चक्रपालित यास नगराचें रक्षण सोंपविलें. गुप्तसंवत् १३६ म्हणजे इ. स. ४५५-५६ मध्यें, भाद्रपद महिन्याच्या षष्ठीच्या रात्रीं, संततधार पावसानें सुदर्शन पुन्हा फुटलें. लोक रात्रभर जागे राहून, आतां काय करावें, असें एकमेकांस विचारीत बसले. चक्रपालितानें देवांस आहुति देऊन, ब्राह्मणांस द्रव्य देऊन, पौरजनांचा मान करून, दोन महिन्यांत अपार खर्चानें बांध बांधविला. संवत् १३८ मध्यें त्यानेंच चक्रभृत् विष्णूचें मंदिर उभारिलें.

काव्य या दृष्टीनें हा कवि कमी नाहीं. पुरांत निघालेल्या नद्या म्हणजे फार दिवस बंदींत राहिलेल्या स्त्रिया, आतां पति जो समुद्र त्याकडे निघाल्या, अशी त्याची कल्पना आहे. पावसाळ्यांत खवळलेल्या समुद्राचें प्रिय करण्यासाठीं ऊर्जयत् पर्वतानें तीरावरील फुलांनीं शोभणारा नदीरूपी हात पुढें केला, ही दुसरी कल्पना तर मनोहर आहे. चक्रपालिताचें चित्रही जिवंत आहे. तो नागरिकांस मुलांप्रमाणें वागवितो, हंसून बोलतो, त्यांच्या घरीं जातो-येतो. आणि लोकांची ती जागरणाची रात्र वाचतांना आजही मन हेलावतें. इ. स. २०२३ च्या जुलै महिन्यांत जुनागढांत अतिवृष्टि होऊन शहराच्या रस्त्यांतून पुराचें पाणी वाहिलें, तेव्हां हेंच चित्र आमच्या डोळ्यांपुढें आलें. दामोदर कुंडापाशीं वाहणाऱ्या प्रवाहास आज सोनरेख म्हणतात. सुवर्णसिकतेची आठवण त्या नांवांत अजून आहे. पर्वत तोच आहे आणि पाण्याचा उतारही तोच आहे.

मापांच्या बाबतींत तर हा कविच अधिक विश्वसनीय ठरतो. रुद्रदाम्याचा लेखक खिंडाराची लांबी ४२० हात, रुंदी तितकीच, आणि खोली ७५ हात देतो. हात दीड फुटाचा धरिला तर लांबी-रुंदी प्रत्येकीं ६३० फूट व खोली ११२ फुटांहून अधिक होते. बांधाची जाडी ६३० फूट असणें संभवत नाहीं. तेव्हां एक तर हें माप पाण्यानें पुढें उकरलेल्या गर्तेसह घेतलेलें असावें, किंवा दुसरें माप पहिल्यावरून बसविलेलें असावें. उलट स्कंदगुप्ताचा कवि नव्या बांधाचीं मापें देतो तीं अशीं: लांबी १०० हात, रुंदी ६८ हात, उंची सात पुरुष, म्हणजे १५० फूट, १०२ फूट आणि सुमारें ४० फूट. अडुसष्ट हा आंकडा कोणी कल्पनेनें घालीत नाहीं. तो दोरी धरून मोजलेला आंकडा आहे. पद्यांत तो बसवितांना कवीस त्रास पडला असेल. तरी त्यानें तो गाळला नाहीं, याबद्दल त्याची स्तुति केली पाहिजे.

कामाच्या काळाविषयींही त्याची नोंद उपयुक्त आहे. बांध भाद्रपदांत फुटला. पण काम पुढील वर्षीं, संवत् १३७ मध्यें झालें, आणि त्या संबंधांत ग्रीष्माच्या मासाच्या पूर्वपक्षांतील पहिला दिवस सांगितला आहे. तो आरंभाचा धरा कीं समाप्तीचा, दोन महिन्यांच्या कामाचा मुख्य भाग उन्हाळ्यांत पडतो. नद्या आटल्यावर आणि पुढील पावसाच्या आधीं काम उरकावयाचें, हा विचार त्यांत स्पष्ट आहे.

(७)

मग या कवीचा दोष कोणता? दोष हा कीं, तळें त्याच्या आधीं होतें हें तो विसरला. पुष्यगुप्त नाहीं, तुषास्फ नाहीं, सुविशाख नाहीं. ज्या शिळेवर त्याचे श्लोक कोरले गेले तिच्यावरच असलेला रुद्रदाम्याचा वृत्तांतही नाहीं. त्याच्या लेखांत तळ्याचा इतिहास चक्रपालितापासून सुरू होतो. लेखाची मोठी नासधूस मंदिराच्या भागांत, म्हणजे शेवटीं, झाली आहे. तळ्याचा भाग बराच शाबूत आहे. तेव्हां गळालेल्या अक्षरांत हीं नांवें असतील, असें म्हणावयासही फारशी जागा नाहीं. आणि विरोध करणारा मंत्री त्याच्या काव्यांत औषधालाही नाहीं. सर्वजण एकमतानें चांगले आहेत.

विशेष हें कीं, तळ्याचा भाग संपवितांना या कवीनें आपल्या रचनेस 'ग्रंथरचना' असा शब्द योजिला आहे. सुदर्शन तटाकाच्या संस्काराचा हा ग्रंथ, अशी त्याची भावना होती. गद्य लेखकानें असा कोणताही दावा केला नाहीं. पण ग्रंथाचें जें मुख्य कार्य, म्हणजे मागचें पुढच्यांच्या हातीं देणें, तें दावा न करणाऱ्यानें केलें, आणि दावा करणाऱ्यानें केलें नाहीं.

आम्ही असें म्हणत नाहीं कीं, या विस्मृतीमुळें तळें गेलें. तळीं गाळानें भरतात, नद्या पात्र सोडतात, राज्यें दुर्बळ होतात. कारणें अनेक असतात. परंतु स्कंदगुप्ताच्या लेखानंतर या शिळेवर सुदर्शनाविषयीं तिसरा लेख नाहीं, ही गोष्ट खरी आहे; आणि ज्या तळ्याचा बांध साडेसातशें वर्षें शहरानें राखला त्याची जागा शोधण्यासाठीं पुढें संशोधकांस डोंगराच्या पायथ्याशीं हिंडावें लागलें, हीही गोष्ट खरी आहे. शहर पाण्यावांचून राहिलें नाहीं. उपरकोटांतील अडी-कडी वाव व नवघण कुवा हे खडकांत खोल उतरलेले जलाशय आजही दिसतात. मात्र तळ्याची जी परंपरा वैश्य, यवन व पह्लव अशा भिन्न कुळांच्या माणसांनीं एकमेकांस ओळख नसतांही चालविली, ती तुटली.

यावरून आमचा निर्णय असा. काव्यगुणांत पद्य लेख वरचढ म्हणणारांशीं आम्ही वाद घालणार नाहीं. मापांच्या विश्वसनीयतेंतही तो सरस आहे. परंतु विषयाशीं निष्ठा या कसोटीस रुद्रदाम्याचा लेख श्रेष्ठ आहे. कारण तळें ही एका राजाची कृति नसून अनेक पिढ्यांचें काम आहे, हें त्या लेखकानें जाणलें होतें. त्यानें बांधणारे सांगितले, पाट काढणारे सांगितले, दुरुस्त करणारे सांगितले, आणि दुरुस्ती नको म्हणणारेही सांगितले. एखाद्या शहराच्या पाण्याचा खरा इतिहास या चौघांवांचून पुरा होत नाहीं.

(८)

शेवटीं, आरंभीं उल्लेखिलेला मुद्दा. आमच्या महाराष्ट्रांतही शहरांच्या पाण्याचीं मोठीं कामें झालीं. पुण्यास कात्रजच्या तळ्यांतून नळानें पाणी आणण्याचें काम नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, अठराव्या शतकाच्या मध्यास, झालें. काळा हौद, बदामी हौद हीं नांवें पुण्याच्या जुन्या माणसांच्या तोंडीं अजून आहेत. अशा कामांचे बांधणारे कोण, हें आम्हांस बहुधा ठाऊक असतें. पण त्यांचे दुरुस्त करणारे कोण? नळ कोठें फुटला, गाळ कोणीं काढिला, खर्च कोणत्या खात्यांतून दिला, आणि कोणत्या कारभाऱ्यानें 'एवढा खर्च नको' म्हणून लिहिलें? हें ज्या कागदांत असतें ते कागद आम्ही संग्राहक मंडळी हातीं धरीत नाहीं.

एक कबुली दिली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका जुन्या घराण्यांतील रुमाल पाहण्यास आम्हांस बोलाविलें होतें. आम्हीं लढायांचीं पत्रें, सनदा व एक-दोन पोथ्या निवडून घेतल्या. आणि आड व टाकें यांच्या दुरुस्तीचे, गवंडी-बेलदारांच्या रोजमुऱ्याचे जे जमाखर्च होते ते 'किरकोळ' म्हणून बाजूस ठेविले. दोन वर्षांनीं फिरून गेलों तेव्हां ते बंब पेटविण्यास गेले होते. निवडलेल्या पत्रांतील मजकूर पुढें इतरत्रही सांपडला. त्या किरकोळ कागदांतील मजकूर मात्र पुन्हा कोठेंही सांपडला नाहीं, आणि आतां सांपडणारही नाहीं. त्यांत आमच्या गांवचा एखादा पुष्यगुप्त किंवा सुविशाख असेल, तर त्याचें नांव आम्हीं पुसलें.

म्हणून आमच्या वाचकांस विनंति इतकीच कीं, यापुढें रुमाल सोडतांना पाण्याच्या कागदांस निराळें फडकें बांधावें. विहिरीची वांटणी, तळ्याचा गाळ, हौदाची डागडुजी, पाटाचा तंटा, यांतील एकही चिठ्ठी टाकूं नये. आणि तिची नक्कल, ती कितीही रुक्ष असो, मंडळाकडे पाठवावी. रुद्रदाम्याच्या लेखकापुढें साडेचारशें वर्षांची अशीच एक रुक्ष नोंद आली होती. त्यानें ती टाकली नाहीं.